मिरीला घर हवंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरी दहा महिन्यांची गावठी कुत्री आहे. काळी कुळकुळीत, छातीवर बोटभर पांढरा ठिपका, वजन साडेतेरा किलो. गेल्या जुलैत सिंहगड रस्त्याजवळच्या एका बांधकामावर, पाण्याने भरलेल्या पायाच्या खड्ड्याशी ती सापडली, तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती. मधले काही दिवस सोडले तर तेव्हापासून ती कोथरूडला माझ्याकडे आहे. तिच्यासाठी कायमचं घर शोधतेय हे कळल्यापासून रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर घाईघाईत उत्तरं देण्यापेक्षा नीट लिहून ठेवलेली बरी. सगळं वाचूनही ती हवीशी वाटली, तर जरूर फोन करा.

ती घाबरट आहे म्हणता, म्हणजे नेमकं काय करते?

कुकरची शिट्टी झाली की दिवाणाखाली. कुणी छत्री उघडली, झाडू उचलला, हेल्मेट घालून दारात उभं राहिलं की दिवाणाखाली. अनोळखी माणूस घरात आला तर ती भुंकत नाही, गुरगुरतही नाही. भिंतीला अंग चिकटवून, शेपूट पोटाशी घेऊन, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहते. वरचेवर ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभया देते. लोक म्हणतात, ‘किती शांत आहे बिचारी’. ती शांत नसते हो, भीतीने थिजलेली असते. तिला घरी नेणाऱ्याला हा फरक ओळखता आलाच पाहिजे.

आणि पाहुणा गेला, दाराची कडी लागली की दहा मिनिटांत दुसरीच मिरी बाहेर येते. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून बेडरूममध्ये, सोफ्यावरून उडी, परत हॉल, अशा आठ-दहा फेऱ्या मारते. माझी चप्पल पळवते आणि मी मागे धावावं म्हणून पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून वाट बघते. एवढा जीव, एवढा उत्साह, आणि तरी पाचोळा सरकला की छातीत धडधड. घर शोधायला वेळ लागतोय तो यामुळेच. नुसत्या घाबरट कुत्र्याला एखादं शांत, म्हाताऱ्या माणसांचं घर पुरतं. नुसत्या दांडगट कुत्र्याला पळायला जाणारी तरुण मंडळी पुरतात. हिला दोन्ही एकाच घरात हवं.

कुणी मारलं असेल का तिला?

असेलही, पण तसं धरून चालायचं कारण नाही. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेत असतं. त्या दिवसांत जी माणसं, जे आवाज, ज्या वस्तू वाट्याला येतात त्या पुढे आयुष्यभर ‘आपल्यातल्या’ वाटतात. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही पिल्लं मोठ्या कुंपणात आईजवळ, माणसाच्या स्पर्शाशिवाय वाढवली होती. ज्यांना चौदा आठवडे माणसाचा सहवास मिळालाच नाही, ती नंतर रानातल्या जनावरासारखी माणसाला बिचकत राहिली. त्यांना कुणी मारलं नव्हतं.

मिरीने त्या वयात काय पाहिलं? चिखल, सिमेंट कालवायच्या यंत्राचा खडखडाट आणि पायांजवळून जाणारी घमेली. म्हणून ‘आम्ही इतकं प्रेम देऊ की ती सगळं विसरेल’ असं कुणी म्हणालं की मला जरा काळजी वाटते. तिला जगाची राहून गेलेली ओळख आता एकेक करून करून द्यायची आहे, आणि हे काम प्रेमाइतकंच सवडीचं आहे.

भरपूर फिरवून दमवलं तर भीती आपोआप जाईल ना?

नाही. ही चूक मीही केली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवातीला मला वाटायचं, एवढी ताकद आहे अंगात, तासभर चालवू या. संध्याकाळी सहाला पौड रस्त्याच्या कडेने निघायचो. रिक्षा, बसचे हॉर्न, पाणीपुरीच्या गाडीभोवतीची गर्दी. मिरी पट्टा ओढत, जमिनीला पोट टेकवत चालायची आणि घरी आली की झोपायची. मला वाटायचं, दमली. पण भीतीने आलेला थकवा वेगळा असतो. आठवड्याभरात ती पट्टा दिसला की दिवाणाखाली शिरायला लागली.

मग सगळं बदललं. आता आम्ही पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर जातो. दहा मीटरची लांब दोरी, पाठीवरचा हार्नेस, आणि चालायचं कुठे ते तिने ठरवायचं. ती वीस-वीस मिनिटं एकाच झुडपाभोवती हुंगत बसते. ससा गेला असेल, मोर उतरला असेल, आपल्याला काय कळणार. नाकाला काम मिळालं की कुत्रं जितकं समाधानाने दमतं, तितकं नुसत्या पायपिटीने दमत नाही. घरीही तिचं जेवण ताटलीत क्वचितच मिळतं. जुन्या पंच्यात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांमध्ये लपवून, गच्चीवर विखरून. पाच मिनिटांत संपणारं जेवण अर्धा तास चालतं.

एक खूण कायम लक्षात ठेवा. खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे ठेवायचे. बाहेर असताना ती तुकडा घेत असेल तर ठीक आहे. आवडीचं चिकन नाकाशी धरूनही तोंड फिरवत असेल, तर तिला सोसवेना झालंय, तिथून मागे फिरायचं. रिक्षापासून दहा पावलांवर घेत नसेल तर तीस पावलांवर उभं राहायचं. लांब रिक्षा दिसली की चिकन, गेली की चिकन बंद. असं करत करत आज ती रिक्षा थोड्या अंतरावरून जाऊ देते. त्याला चार महिने लागले.

आमचं शेत आहे, चार एकर. मोकळी हुंदडेल. याहून चांगलं काय?

हा फोन सगळ्यात जास्त येतो आणि नाही म्हणताना सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण घाबरट कुत्र्याला मोकळं रान म्हणजे पळून जायला मोकळं रान. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला, की ती कुठल्या दिशेला सुटेल आणि कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही. मग होतं असं, की हरवू नये म्हणून तिला साखळीने बांधतात. चार एकर राहतात बाजूला आणि तिच्या वाट्याला येतो दोन मीटरचा गोल.

शिवाय जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडून फोन असला तर बिबट्याचं काय, हे मी सरळ विचारते. उसात बिबटे वाढतायत आणि रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं त्यांना सोपं सावज असतं. तिथल्या शेतकऱ्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. राखणीसाठी हवी असेल तर ती मिरी नव्हे. चोर आला तर सगळ्यात आधी तीच लपेल.

शेतावरच्या घराला माझा सरसकट नकार नाही. कुत्रं रात्री घरात झोपणार असेल, घराला लागून निदान सहा फूट उंच पक्कं कुंपण असेल आणि पहिले काही महिने दोरीशिवाय बाहेर सोडणार नसाल, तर बोलू.

मग टू बीएचके फ्लॅट चालेल?

आनंदाने. फ्लॅट किती मोठा आहे हे मी विचारतही नाही. मी विचारते, बाल्कनीला जाळी आहे का? लिफ्ट केवढी, गर्दी किती? मुख्य दारापुढे सेफ्टी दार आहे का? जवळ सकाळी लवकर जाता येईल अशी निवांत जागा आहे का? आणि पुण्यात असाल तर आणखी एक: गणपतीच्या आधी तुमच्या घराजवळ ढोलपथकाचा सराव चालतो का? नदीकाठी राहणाऱ्यांना या प्रश्नाचं महत्त्व लगेच कळतं.

सोसायटी हरकत घेईल अशी भीती अनेकांना असते. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. तुमच्या बाजूने महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला तेवढा तयार ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर मात्र घरमालकाची परवानगी लेखी घ्या. परत येणाऱ्या किती तरी कुत्र्यांमागे हेच कारण असतं.

घरात लहान मुलं आहेत.

दहा वर्षांच्या आतली असतील तर मिरी नको. मुलं वाईट वागतात म्हणून नव्हे. ती धावतात, किंचाळतात, मित्र आणतात, दार उघडं टाकतात, आणि ते त्यांचं वयच आहे. मोठी, समजूतदार मुलं असतील तर मला आधी त्यांना भेटायचंय, तुम्हाला नंतर.

आमच्याकडे आधीचा एक कुत्रा आहे, जमेल?

तो स्वभावाने निवांत, मिळूनमिसळून राहणारा असेल तर उत्तम. खरं सांगायचं तर माझ्या मनातलं पहिल्या पसंतीचं घर हेच आहे. आमच्या शेजारच्या काकूंचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर पायरीवर पसरलेला असतो. पोस्टमन आला, तो नुसती शेपटी आपटतो. मिरी पोस्टमनकडे बघते, मग त्याच्याकडे बघते, आणि थांबते. मी महिनाभर समजावून जे झालं नव्हतं ते त्या शेपटीने केलं. पहिली भेट मात्र तुमच्या घरात नको. दोघांना पट्ट्यावर, मोकळ्या रस्त्यावर, अंतर ठेवून समांतर चालवायचं आणि मग एकत्र घरी यायचं.

आम्ही दोघंही नोकरी करतो.

पहिले पंधरा दिवस कुणीतरी घरी असणं गरजेचं आहे. त्यानंतर पाच तासांपर्यंत ती एकटी राहते, मी सवय लावलीय. रोज नऊ-दहा तास घर बंद असणार असेल तर तिचं हे वय त्यात बसणार नाही. तुमच्यासारख्यांना चार-पाच वर्षांचं, स्थिरावलेलं कुत्रं जास्त जुळेल. आमच्या ओळखीत तशीही आहेत, विचारा.

ती एकदा घर मिळून परत आलीय असं ऐकलं. का?

आलीय, आणि हे मी कुणापासून लपवत नाही. ऑक्टोबरमध्ये, ती सहा महिन्यांची असताना, एका जोडप्याला दिली होती. माणसं चांगली होती. दिवाळी आठ दिवसांवर असताना मी तिला दिलं, ही चूक माझी.

तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. दार उघडलं, खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, आणि ती पायांमधून सटकून चार मजले उतरून फाटकाबाहेर. त्यांनी घाबरून गाडी काढली आणि नावाने हाका मारत शोधलं. हाका मारणारी, मागे येणारी माणसं दिसली की घाबरलेलं कुत्रं आणखी लांब पळतं, स्वतःच्या माणसापासूनसुद्धा. दोन रात्री गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी एका रोपवाटिकेच्या माळ्याने सांगितलं, की कुंड्यांच्या ढिगामागे काळं काहीतरी आहे.

मी सगळ्यांना घरी पाठवलं. माझी रोजची ओढणी जमिनीवर पसरली, तिच्यावर चिकन ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले. हाक नाही, वळून बघणं नाही. पहाटे चारच्या सुमाराला मागे पाचोळा वाजला. मग बराच वेळ काहीच नाही. मग ओढणीचं टोक हललं. तिने चिकन खाल्लं नाही. ती सरपटत आली आणि तिने माझ्या मांडीखाली नाक खुपसलं. तिच्या अंगाचा थरथराट मला हाडापर्यंत जाणवत होता.

त्यांना पुन्हा ती जबाबदारी घ्यायचा धीर झाला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. माझे नियम मात्र त्या रात्रीनंतर कडक झाले. गणपती ते दिवाळी या काळात मी तिला कुणालाही देणार नाही. बाहेर जाताना दोन पट्टे, एक हार्नेसला आणि एक गळ्यातल्या पट्ट्याला. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घरातही कायम. आणि बेल वाजली की आधी मिरी आतल्या खोलीत, मग कडीला हात.

घरी नेल्यावर पहिले दिवस कसे जातील?

अनेक जण तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात: बुजरेपणा ओसरायला, घराची रीत कळायला, घर आपलं वाटायला. मिरीच्या बाबतीत तो दुप्पट धरा.

पहिले दोन दिवस ती बहुधा जेवणार नाही. पाणी पिते का तेवढं बघा. एक कोपरा फक्त तिचा ठरवा, तिथे मी तिची मळकी गोधडी देईन, ती धुऊ नका. दिवाणाखालून ओढून काढायचं नाही. बघायला नातेवाईक बोलवायचे नाहीत. आंघोळ महिनाभर नाही. ती जवळ आली तर हात डोक्यावरून नको, हनुवटीखालून, आणि तीन सेकंदांनी थांबून बघा ती आणखी मागते का. घाबरून बिलगली तर खुशाल जवळ घ्या. ‘लाड केले तर भीती वाढते’ म्हणतात, त्यात तथ्य नाही. आधाराने भीती वाढत नसते.

ट्रेनर म्हणतो, दोनदा दटावलं की सरळ होईल.

अशा ट्रेनरकडे ती जाणार नाही, हे दत्तकपत्रात लिहिलेलं आहे. गळा आवळणारी साखळी नाही, शॉक देणारा पट्टा नाही, हात उगारणं नाही. घाबरलेल्या कुत्र्याला शिक्षा केली तर ते भीती दाखवायचं बंद करतं, भीती आतच राहते, आणि एक दिवस इशारा न देता दात लागतात.

म्हणजे चावेल?

आजवर चावलेली नाही. कधीच चावणार नाही, असं मी कुठल्याच कुत्र्याबद्दल लिहून देणार नाही. कोपऱ्यात अडकलेलं, पळायला वाट नसलेलं भित्रं कुत्रं चावू शकतं, म्हणून तिची वाट कधी अडवू नका. आणि कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

लसी, नसबंदी, आजारपण?

रेबीज आणि बाकीच्या लसी पूर्ण, नसबंदी जानेवारीत झाली. डिसेंबरमध्ये गोचीड ताप येऊन गेला. डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स पूर्ण केला, आता रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे. फाइल सोबत मिळेल. दर वर्षी रेबीजची लस आणि गोचिडांवरचं औषध तुमच्याकडे. दिवाळीच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा, फटाक्यांच्या दिवसांसाठी भीती कमी करणारं औषध देता येतं. त्यात कमीपणा नाही.

खायला काय लागतं?

भात, चिकन, अंडं, दही, लाल भोपळा. भाकरी कुरकुरीत असेल तर फार आवडते. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही.

पैसे किती घेता?

काही नाही.

आम्ही मुंबईला राहतो. एका भेटीत नेता येईल का?

नाही, निदान चार भेटी हव्यात. पहिलीत ती तुमच्याकडे बघणारही नाही. दुसरीत लांबून वास घेईल. तिसऱ्या वेळी टेकडीवर बरोबर येईल, आणि चौथी भेट तुमच्या घरी, मी तिला घेऊन येईन. मुंबई, नाशिक, साताऱ्याहून हे करणं जिकिरीचं आहे, मला कळतं. पण या चार भेटींचा कंटाळा न आलेलं घर पुढच्या चार महिन्यांनाही कंटाळणार नाही, हा माझा अनुभव आहे. त्यानंतर एक महिना ती तुमच्याकडे राहील तो चाचणीचा. नाही जमलं तर मला फोन करायचा, मी येऊन घेऊन जाईन, रात्री दोन वाजतासुद्धा. परस्पर दुसऱ्याला द्यायची नाही आणि रस्त्यावर सोडायची नाही, एवढी एकच अट कायमची आहे.

इतका जीव आहे तर तुम्हीच का ठेवत नाही?

कारण माझ्याकडे आधीच तीन आहेत, त्यातला एक आजारी आहे, आणि मिरीला रोज पहाटे टेकडीवर नेताना दुसऱ्या कुणाची तरी वेळ कापली जाते. ती माझ्याकडे सुखात आहे, पण मला तिला जेवढं द्यायचंय तेवढं मी देऊ शकत नाही. शिवाय ती गेली की तो दिवाण दुसऱ्या एखाद्या पिल्लासाठी मोकळा होतो.

भेटायला येताना काय काळजी घ्यायची?

बेल वाजवू नका, खाली पोचलात की फोन करा. एका वेळी दोघांपेक्षा जास्त नको. टोपी, गॉगल, छत्री बाहेर ठेवा. आलात की खुर्चीवर न बसता जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, आणि माझ्याशी गप्पा मारत राहा. चहा मी देईन. उघडा तळहात जमिनीवर ठेवून द्या, त्यात मी चिकनचा तुकडा ठेवेन. तिला बोलावू नका. कदाचित अर्धा तास काही होणार नाही. मग हाताला गार, ओलसर नाकाचा स्पर्श होईल. तेव्हा हात हलवू नका.